खारबावच्या वाटेवरची देवळे आणि लेणी

वसई आणि दिवा यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर कामण आणि भिवंडी यांच्या मध्ये खारबाव लागते. या मार्गावर मालगाड्यांची वर्दळ मोठी. प्रवासी गाड्या मोजक्याच. उत्तरेला तुंगारेश्वरचे डोंगर, दक्षिणेला वसईची खाडी, मधल्या पट्ट्यात भातखाचरे, खाजणाची जमीन, वीटभट्ट्या आणि अलीकडे उभी राहिलेली पत्र्याच्या छपरांची गोदामे. प्राचीन देऊळ पाहायचे म्हणून खारबावला सहसा कोणी येत नाही. जे येतात ते अंबरनाथला जातात, वज्रेश्वरीला जातात, कान्हेरीला जातात. तरीही ठाणे जिल्ह्यातली देवळे आणि लेणी समजून घ्यायची असतील तर सुरुवात खारबावपासून करावी, असे या प्रवासानंतर ठामपणे वाटते. नकाशा पुढे ठेवला की कारण लक्षात येते. पश्चिमेला सोपारा, पूर्वेला कल्याण, खाडीपलीकडच्या डोंगरात कान्हेरी. प्राचीन पश्चिम किनाऱ्यावरची दोन नावाजलेली बंदरे आणि एक मोठा विहार यांच्या मधोमध हे गाव आहे. इथून कुठल्याही दिशेला निघा, देवस्थाने सुटी सुटी राहत नाहीत. ती एका रस्त्यावरची ठिकाणे होऊन समोर येतात. देऊळ असो वा लेणे, ते ज्या रस्त्यावर उभे आहे आणि ज्या माणसांनी ते सांभाळले आहे, त्यांच्याशिवाय ते वाचता येत नाही. मूर्तीची शैली, शिखराचा प्रकार, शतक, राजवंश ही माहिती त्यानंतरची.

गावापासूनच पाहू. या पट्ट्यात आगरी, कोळी, कुणबी आणि डोंगराच्या कडेला वारली, कातकरी अशी वस्ती आहे. जवळपास प्रत्येक गावाची गावदेवी असते. तिच्या जत्रेला पालखी निघते, ती कोणत्या आळीतून आधी जायची आणि पहिला मान कोणाचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. जुनी कौलारू देवळे पाडून त्या जागी सिमेंटची, संगमरवरी फरशीची देवळे बांधण्याचा सपाटा गेल्या काही दशकांत सगळीकडे दिसतो. डोंगराकडे वळले की वाघोबा भेटतो. उभी शिळा, तिच्यावर वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदराचे जाड लेप. अश्विन महिन्यातल्या वाघबारशीला वारली माणसे त्याला नैवेद्य दाखवतात, आणि तुंगारेश्वर व येऊरच्या जंगलात बिबट्याचा वावर अजून असल्यामुळे ही पूजा नुसती आठवण म्हणून उरलेली नाही. भिवंडी तालुक्यातल्या अनेक गावांत १९५६ नंतर बुद्धविहार उभे राहिले. कुठे पक्के, कुठे एका खोलीचे, पंचशील ध्वज लावलेले. कलेच्या इतिहासाचे पुस्तक घेऊन आलेल्या माणसाला यातले काहीच पाहण्याजोगे वाटणार नाही. तो म्हणेल, इथे शिल्प नाही, शिलालेख नाही, वय नाही, मग थांबायचे कशासाठी? पण ज्या लेण्यांपुढे तो तासन्‌तास उभा राहतो तीही कधीकाळी अशीच चालती संस्था होती. तिला तेल लागे, पाणी लागे, वर्गणी लागे, भांडणे मिटवायला पंच लागत. ते चलनवलन कसे असते हे आज पाहायचे तर गावदेवीच्या मांडवातच पाहता येते.

पश्चिमेचा रस्ता कामणवरून वसईकडे जातो. उजवीकडच्या डोंगरात, अभयारण्याच्या आत तुंगारेश्वराचे शिवालय आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिथे माणसांची रीघ लागते. डोंगर ओलांडून सपाटीला उतरले की नालासोपारा. आज उपनगरी गर्दीचे शहर, एके काळी शूर्पारक नावाचे बंदर. इथला विटांचा उंचवटा गावकरी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला आणि आत दगडी करंडक निघाला. त्या करंडकात तांब्याचा डबा, त्याच्याभोवती तांब्या-कांस्याच्या आठ बसलेल्या बुद्धमूर्ती, डब्यात एकात एक बसवलेले करंडक, अगदी आतला सोन्याचा, आणि त्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याची बारीक खापरे. ही खापरे बुद्धाच्या भिक्षापात्राची म्हणून जपलेली असावीत असे इंद्रजींनी मानले. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. हे सगळे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. विचार करायला लावते ती एक विसंगती. नाणे दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, तर आठ मूर्ती अभ्यासकांच्या मते आठव्या-नवव्या शतकातल्या घडणीच्या. म्हणजे स्तूप एकदा बांधून विसरला गेला नाही. काही शतकांनी कोणीतरी तो श्रद्धेने उघडला, त्यात भर घातली आणि पुन्हा बंद केला. महाभारताच्या वनपर्वात पांडव तीर्थयात्रा करत शूर्पारकाला येतात. बौद्ध कथांत पूर्ण नावाचा व्यापारी याच गावचा. जैनांच्या मध्ययुगीन तीर्थवर्णनांतही सोपाऱ्याचे नाव आहे. तिन्ही परंपरांना एकच गाव तीर्थ वाटले, त्याचे कारण आधी बंदरात आहे: जिथे माणसे येत होती तिथे देव आले, भिक्षू आले.

सोपाऱ्याची दुसरी मोठी ठेव अशोकाची. आठव्या शिलाशासनाचा एक तुकडा इथे १८८२ साली सापडला, नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात. तुकड्यावर थोडीच अक्षरे शिल्लक आहेत, पण गिरनार आणि इतर ठिकाणच्या प्रतींमुळे मजकूर पुरता ठाऊक आहे. देवस्थानांना प्रवासी म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाने आठवे शासन वाचावे, कारण त्याचा विषयच प्रवास आहे. पूर्वीचे राजे शिकारी आणि मौजेसाठी विहारयात्रा काढत. अशोक अभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधीच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असे त्यात सांगितले आहे. त्या यात्रेत काय करायचे तेही दिले आहे: श्रमणांना आणि ब्राह्मणांना भेटून दान द्यायचे, वृद्धांना भेटून धन द्यायचे, आणि जनपदातल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माविषयी बोलायचे. श्रमण आणि ब्राह्मण एकाच ओळीत आहेत, आणि गावातल्या लोकांची भेट ही यात्रेतली जोडीची गंमत नसून तिचा नेमलेला भाग आहे. आज आपण जी तीर्थयात्रा करतो तिच्यात पहिला भाग कसाबसा उरला आहे, तिसरा जवळजवळ गळाला आहे. दर्शन, प्रसाद, फोटो आणि परत. ज्या गावातून गाडी गेली त्या गावाशी एक शब्दही नाही.

अशोकानंतर साडेतीनशे वर्षांच्या सुमाराचा आणखी एक पुरावा याच सोपाऱ्याचा आहे, पण तो कोरला आहे नाशिकच्या लेण्यांत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे आपल्या दानांची यादी दिली आहे. ब्राह्मणांना गाई, गावे, भोजने. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे वाटसरूंसाठी निवारे. विहिरी, तळी, बागा. तापी, दमण, डहाणू यांसारख्या नद्यांवर फुकट होड्या. शूर्पारकाच्या रामतीर्थावरच्या साधकांसह अशाच आणखी काही ठिकाणच्या साधकांना नारळाची झाडे. आणि हे सगळे सांगणारा लेख आहे कुठे, तर त्याने बौद्ध भिक्षूंसाठी खोदवलेल्या लेण्याच्या भिंतीवर. उषवदात हिंदू होता की बौद्ध, हा प्रश्न आपण विचारतो. त्याच्या यादीला तो पडलेलाच नाही. यादीत सर्वांत पुढे दिसते ती रस्त्याची काळजी. नदी पार कशी करायची, रात्री कुठे टेकायचे, पाणी कुठे मिळेल. खाडी आणि नद्यांनी चिरलेल्या या किनाऱ्यावर फुकट होडी हेच मोठे पुण्यकर्म होते. वसईच्या खाडीकाठी उभे राहून त्या यादीकडे पाहिले की धर्मकार्याची ही कल्पना किती व्यवहारी आणि किती उदार होती हे कळते.

खाडीच्या दक्षिणेला डोंगरात कान्हेरी. शंभरांहून अधिक लेणी, दगडात खोदलेली पाण्याची टाकी, एका टाक्यातून दुसऱ्यात पाणी नेणारे पन्हळ. देणगीदारांत कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे लोक. व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षुणी. नवव्या शतकात इथे उत्तर कोकणच्या शिलाहारांचे राज्य होते, राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून. पुढे याच शिलाहारांच्या काळात शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली, अंबरनाथचे शिवालय उभे राहिले. त्यांच्याच राज्यात शके ७७५ मध्ये, कपर्दी राजाच्या काळात, गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बौद्ध उपासकाने कान्हेरीच्या संघासाठी शंभर द्रम्म ठेवले, असा लेख आहे. त्याहून विलक्षण आहेत ते नव्वदाव्या लेण्यातले पहलवी लिपीतले लेख. १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे आणि तिथी तिथे कोरून ठेवल्या. ना ते बौद्ध, ना शैव. ते पाहायला आले होते. परधर्मातल्या देवस्थानाला पाहुणा म्हणून जाणे ही पर्यटनाच्या काळाची देणगी आहे असे मानणाऱ्यांना हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर पुरेसे आहे. (आज कोणी असे काही कोरू लागला तर त्याला अडवलेच पाहिजे, हेही लगेच म्हणायला हवे.)

परत खाडी ओलांडून पूर्वेला निघावे. खारबावहून भिवंडीकडे जाताना भातशेती मागे पडते आणि गोदामांचा प्रदेश सुरू होतो. काल्हेर, काशेली, पूर्णा, राहनाळ, माणकोली. देशभर जाणारा माल इथे उतरतो आणि इथून निघतो. यंत्रमागांच्या भिवंडीची ही दुसरी ओळख. बंदरे गाळाने भरली, होड्या गेल्या, कंटेनर आले, पण मालाने या पट्ट्याची वाट सोडली नाही. भिवंडीपुढे कल्याण-पडघ्याच्या बाजूला लोनाड आहे. गावाजवळच्या टेकडीत बौद्ध लेणे, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले मानले जाते. व्हरांड्यात राजा, राणी, सेवक असा दरबाराचा देखावा कोरलेला लांब शिल्पपट्ट आहे. झिजलेला, तरी बसण्याची ढब आणि मुकुटांचे आकार अजून ओळखू येतात. आत खांडेश्वरी देवी. शेंदूर, हिरव्या बांगड्या, खणा-नारळाची ओटी. नवरात्रात आजूबाजूच्या गावांतल्या बाया इथे येतात. गावात शिलाहार काळातल्या शिवमंदिराचे अवशेष आहेत, आणि जवळच्या चौधरपाड्याला केशिदेव राजाचा शके ११६१ चा, म्हणजे १२४० सालचा, शिलालेख मिळाला आहे. एका लहानशा परिसरात बौद्ध विहार, शिलाहार शिवालय, राजाज्ञेचा दगड आणि आजची ग्रामदेवता असा चार पदरी इतिहास पाहायला मिळतो, तोही तिकिटाशिवाय, गर्दीशिवाय. अंबरनाथच्या शिल्पांपुढे लोनाड कलेत कुठेच बसत नाही, पण हा प्रदेश समजायला लोनाड अधिक उपयोगी आहे.

लोनाडपाशीच सर्वांत मोठा आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. असे म्हणता येईल की ‘एका रस्त्यावरची देवस्थाने’ ही भाषा फार गोड आहे आणि ती एक नुकसान झाकते. बुद्धाचे लेणे होते, तिथे देवी बसली, विहाराचे नावही कोणाच्या तोंडी उरले नाही. याला सलोखा कसे म्हणायचे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यानंतर महाराष्ट्रातल्या लाखो माणसांना ही लेणी आपली वाटू लागली, आणि त्या लेण्यांना लोक ‘पांडवांची’ म्हणतात तेव्हा त्यांना ते खुपते. हे खुपणे रास्त आहे. पांडवांशी या लेण्यांचा काही संबंध नाही, हे लेखांनी केव्हाच सिद्ध केले आहे. मतभेदही खरे होते. अशोकाच्या त्या नवव्या शासनातच आजारपण, लग्न, जन्म, प्रवास यांच्या निमित्ताने केल्या जाणाऱ्या मंगलविधींवर टीका आहे आणि सदाचार हेच खरे मंगल असे ठणकावले आहे. पण म्हणून प्रत्येक देवळाखाली पाडलेला विहार असणारच, हे उलट टोकाचे विधानही पुराव्याशिवाय स्वीकारता येत नाही. वज्रेश्वरीच्या नावावरून वज्रयानाशी संबंध जोडणारे आहेत. नुसत्या नावाच्या साम्यावर इतिहास उभा राहत नाही. विहार ओस पडण्यामागे व्यापाराची पडझड, राजाश्रयाची बदलती दिशा, संघाचे आकसणे अशी कारणे असू शकतात, आणि ती ठिकाणानुसार वेगळी असतात. प्रत्येक जागेचा निवाडा त्या जागेच्या पुराव्यावर व्हावा. लोनाडला एवढे निश्चित सांगता येते की लेणे बौद्धांनी खोदले आणि आज ते जिवंत ठेवले आहे ते देवीच्या भक्तांनी. दोन्ही वाक्ये पूर्ण उच्चारावीत. पहिले गिळून दुसरे म्हणणे हा अन्याय, आणि दुसरे पुसून पहिले म्हणणे म्हणजे दर नवरात्रात तिथे दिवा लावणाऱ्या बायांना नाकारणे.

जिथे जागा खरोखरच बळाने घेतली गेली त्याचीही कागदोपत्री नोंद या प्रदेशात आहे, आणि तुलना करायला ती उपयोगी पडते. पोर्तुगीज अमलात वसई आणि साष्टीतली देवळे पाडली गेली. कान्हेरीच्या चैत्यातही त्यांनी प्रार्थनेची जागा केली होती. त्यांच्याविरुद्धच्या मराठ्यांच्या मोहिमेत खारबावजवळच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांचा मोठा हात होता. मे १७३९ मध्ये वसई पडली. मोहिमेचे सेनापती चिमाजी अप्पांनी वसईच्या वेढ्याच्या वेळी केलेला नवस फेडण्यासाठी तानसा नदीकाठी वज्रेश्वरीचे देऊळ बांधले गेले, भिवंडी तालुक्यातच. ते देऊळ किल्ल्यासारखे आहे. दगडी तट, भारदस्त प्रवेशद्वार, वर नगारखाना, उंच पायऱ्या, पायरीवर कोरलेले कासव. लढाईतून जन्मलेल्या देवळाने लढाईचेच रूप घेतले. त्याच तालुक्यात मराडेपाड्याला मार्च २०२५ मध्ये शिवाजी महाराजांचे मंदिर खुले झाले, तेही तटबुरुजांसह किल्ल्याच्या आकारात. पावणेतीनशे वर्षांच्या अंतराने तीच कल्पना पुन्हा बांधली गेली. वज्रेश्वरीजवळ अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आहेत. १९६१ मध्ये देह ठेवलेल्या नित्यानंदांमुळे गणेशपुरीचे नाव दूरवर गेले. पण कुंडात अंग शेकायला येणारा संधिवाताचा म्हातारा त्याआधीही येत असणार. देवस्थानाखाली पाणी असते, ही इथली जुनी रीत आहे.

शेवटचा टप्पा घाट चढून कार्ल्याला. खारबावच्या पट्ट्यातल्या आगरी-कोळ्यांची कुलदेवता एकवीरा तिथे आहे. चैत्रात ठाणे-रायगडच्या गावागावांतून पालख्या निघतात, कित्येक पायी, ढोल-ताशाच्या गजरात, आणि डोंगर चढून थेट चैत्यगृहाच्या तोंडाशी पोचतात. डावीकडे सिंहस्तंभ, उजवीकडे देवीचे देऊळ, मधून चैत्याचे प्रचंड दार. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे करवले आणि जंबुद्वीपात उत्तम असा त्याचा अभिमानाने उल्लेख कोरला. आतल्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. खांबांच्या रांगेत एका खांबावर दात्याचे गाव दिले आहे: सोपारा. धम्मोत्तरीय पंथाचा पाठक सातिमित याने तो अस्थिधातूसह दान केला. सोपाऱ्याचा भिक्षू ज्या घाटाच्या दिशेने आला, त्याच दिशेने भिवंडीची पालखी आज येते. पालखीतली बहुतेक माणसे त्या खांबापर्यंत जात नाहीत, आणि चैत्य पाहायला आलेली माणसे पालखीच्या गोंगाटाने वैतागतात. दोघांनीही थोडे थांबून एकमेकांकडे पाहावे, इतके ते ठिकाण मोलाचे आहे. भक्ती करणाऱ्याला इतिहास कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या देवीच्या दारात आपल्याच किनाऱ्यावरच्या माणसाचे नाव दोन हजार वर्षे टिकून आहे, हे कळल्याने भक्ती कमी होण्याचे काही कारण नाही.

खारबाव आणि भोवतालच्या गावांत देवळांचे जीर्णोद्धार जोरात चालू आहेत. त्या कामात जुनी शिल्पे, गाढव कोरलेले शापाचे दगड, वीरगळ, शेंदराखाली दडलेल्या अक्षरांच्या शिळा भरावात जातात किंवा फरशीखाली कायमच्या गाडल्या जातात. नवे देऊळ जरूर बांधावे. तो गावाचा हक्क आहे. पण पाया खोदण्याआधी अंगणातला प्रत्येक जुना दगड धुऊन पाहावा, त्याचा फोटो काढावा, आणि अक्षर किंवा आकृती दिसली तर पुरातत्त्व खात्याला कळवून तो दगड देवळाच्या आवारातच, पावसापासून आडोसा देऊन उभा करावा. एका चौथऱ्याचा आणि पत्र्याच्या छपराचा खर्च, एवढेच त्याला लागते.